बटणांची पट्टी आणि बदलत्या आवृत्त्या
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूरच्या मराठी घरांचा कचेरीशी असलेला संबंध जुना आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, पुढे खमरियाची आयुध निर्माणी आणि वाहन निर्माणी आली. १९५६ मध्ये उच्च न्यायालय आले, रामपूरला विद्युत मंडळाचे मुख्यालय उभे राहिले आणि २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही या शहराच्या वाट्याला आले. हजेरीपट, पगारपत्रक, खतावणी, ताळमेळ हे शब्द अशा शहरातील मुलांच्या कानांवर पाढ्यांबरोबरच पडतात. कागदी वह्यांची जागा संगणकावरील तक्त्यांनी घेतली, तेव्हा त्या तक्त्यांभोवती एक नवे हस्तकौशल्यही जन्माला आले. त्याला कोणी कौशल्य म्हटले नाही, त्याची प्रशस्तिपत्रे निघाली नाहीत. पण ज्या कचेरीत ते होते, तेथे महिनाअखेरीची रात्र लवकर सरत असे. हे कौशल्य म्हणजे एक्सेलमध्ये स्वतःच्या कामापुरते मॅक्रो लिहिणे आणि ते चालवण्यासाठी बटणांची एक पट्टी, म्हणजे टूलबार, तयार करणे.

मॅक्रो म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामाची यादी. एखाद्या शाळेचे निकालपत्रक घ्यावे. विषयवार गुणांची बेरीज, टक्केवारी, श्रेणी, अनुत्तीर्णांची वेगळी यादी आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र गुणपत्रक ही कामे हाताने केली, तर दोन लिपिकांचे चार दिवस जातात. मॅक्रो एकदा नीट लिहिला की 'गुणपत्रक छापा' या बटणावर टिचकी मारायची आणि प्रिंटरमध्ये कागद आहे ना, एवढेच पाहायचे. ज्याने मॅक्रो लिहिला त्याला बटणाचीही गरज नसते. बटण असते ते इतरांसाठी: ज्या बाईंना संगणक केवळ निकालापुरता उघडायचा आहे, जो लिपिक बदलून नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी. म्हणूनच नवा संगणक आला, नवी आवृत्ती बसली आणि पट्टी दिसेनाशी झाली, तर मॅक्रो शाबूत असूनही कचेरीच्या दृष्टीने तो नाहीसाच होतो. निकालाच्या आदल्या संध्याकाळी हे घडले, तर चार दिवसांचे काम एका रात्रीवर येते.

तक्त्याच्या संगणकप्रणालीचा इतिहास फार लांब नाही. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिसिकॅल्क आणले, १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले आणि मॅक्रो ही कल्पना कचेऱ्यांत रुळली ती मुख्यतः लोटसमुळे. एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिन्टॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत मॅक्रो लिहिण्यासाठी व्हिज्युअल बेसिकवर आधारलेली भाषा, म्हणजे व्हीबीए, मिळाली. ती भाषा आजही चालते. तीस वर्षांपूर्वीची बेरीज-वजाबाकी करणारी ओळ आजच्या एक्सेलमध्ये बहुतेक वेळा बिनतक्रार चालते, ही निर्मात्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. हिशेब टिकला, बटणे टिकली नाहीत. असे का व्हावे, याचे उत्तर बटणे राहतात कोठे, या प्रश्नात आहे.

१९९७ ते २००३ या काळातील आवृत्त्यांत कोणीही माणूस माउसने ओढून स्वतःची पट्टी बनवू शकत असे. ती करण्याची रीत इतकी सोपी होती की ती कोठे साठवली जाते, याचा विचार कोणी करीत नसे. ती वर्कबुकमध्ये साठवली जात नव्हती. त्या संगणकावर, त्या वापरकर्त्याच्या नावाने, 'एक्सएलबी' या शेपटीची एक वेगळी फाईल असे, तिच्यात ती राही. २००२ च्या आवृत्तीची फाईल 'एक्सेल १०' या नावाची, २००३ च्या आवृत्तीची 'एक्सेल ११' या नावाची. वर्कबुक फ्लॉपीवर किंवा पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या खोलीत नेले, की मॅक्रो बरोबर जात आणि पट्टी मागेच राही. घर बदलताना सामान नेले आणि दारावरची पाटी जुन्या घरावरच राहिली, असा तो प्रकार.

यावर एक्सेलने उपाय दिला होता: पट्टी वर्कबुकला जोडून ठेवण्याचा. उपाय दिसायला नेटका आणि वापरायला फसवा होता. जोडलेली पट्टी दुसऱ्या संगणकावर पहिल्यांदा उघडली की तिची एक प्रत तेथील एक्सएलबी फाईलमध्ये उतरे. पुढच्या वर्षी पट्टीत नवे बटण घालून सुधारित वर्कबुक पाठवले, तरी त्या नावाची पट्टी तेथे आधीच आहे असे पाहून एक्सेल जुनीच दाखवी. पाठवणारा म्हणे बटण आहे, घेणारा म्हणे नाही, आणि दोघेही खरे बोलत असत. दुसरी अडचण पत्त्याची. हाताने बनवलेल्या बटणात मॅक्रोच्या नावाबरोबर वर्कबुकचा पूर्ण मार्ग नोंदला जाई. वर्कबुकची नवी प्रत वेगळ्या नावाने केली आणि बटण दाबले, की ते निमूटपणे गेल्या वर्षीची फाईल उघडून तिच्यातला मॅक्रो चालवू पाही. चुकीचा संदेश आला तर माणूस सावध होतो. येथे संदेशच येत नसे, गेल्या वर्षीची फाईल मात्र मध्येच उघडून बसे.

ज्यांनी हे त्रास भोगले, त्यांनी यातून एक रीत काढली आणि ती जगभरच्या एक्सेल जाणकारांत रुळली. पट्टी हाताने बनवायचीच नाही. वर्कबुक उघडताना आपोआप चालणारा मॅक्रो लिहायचा आणि त्याने ती त्या क्षणी उभी करायची. वर्कबुक बंद होताना पुसून टाकायची. उभी करण्यापूर्वी त्याच नावाची जुनी पट्टी उरली असेल तर ती आधी काढायची, आणि नवी बनवताना ती 'तात्पुरती' असल्याचे सांगायचे, म्हणजे वीज गेली तरी पुढच्या वेळी तिचे भूत उरत नाही. बटणाला मॅक्रोचे नाव देताना मार्ग हाताने न लिहिता, उघडलेल्या वर्कबुकला स्वतःचे नाव विचारून ते जोडायचे. एवढे केले की पट्टी वर्कबुकचाच भाग होते. फाईल जेथे जाईल, तेथे पट्टी जाते.

या रीतीतही एक खोच आहे आणि ती ठाऊक नसल्याने अनेकांची पंचाईत होते. बंद होण्यापूर्वी चालणारा मॅक्रो 'बदल जतन करायचे का?' हा प्रश्न येण्याच्या आधी चालतो. कोणी त्या प्रश्नावर 'रद्द' म्हटले, तर वर्कबुक उघडे राहते, पट्टी मात्र गेलेली असते. म्हणून वर्कबुक समोर आले की पट्टी दाखवणे आणि मागे गेले की लपवणे, अशी व्यवस्था अधिक भरवशाची ठरते. तिचा दुसरा लाभ असा की निकालपत्रकाची बटणे पगारपत्रकावर डोकावत नाहीत.

मग २००७ साल आले. त्या आवृत्तीने मेनू आणि पट्ट्या दोन्ही काढून टाकल्या आणि वरच्या बाजूला रिबन नावाचा रुंद पट्टा आणला. जुन्या रीतीने मॅक्रोने उभी केलेली पट्टी मरत नाही. ती 'ॲड-इन्स' नावाच्या टॅबमध्ये एका कोपऱ्यात जाऊन बसते. तिला तरंगवता येत नाही, हव्या त्या कडेला चिकटवता येत नाही, आणि ज्याला तो टॅब उघडायचे सुचत नाही त्याच्या लेखी ती नाहीच. त्या काळी कितीतरी जणांनी बटणे हरवली म्हणून मॅक्रो नव्याने लिहून घेतले असतील. प्रत्यक्षात बटणे एका टिचकीच्या अंतरावर होती.

रिबनवर स्वतःचा टॅब हवा असेल, तर रीतच वेगळी आहे. २००७ पासूनची एक्सेलची फाईल म्हणजे खरे तर एक झिप गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्यात एक्सएमएल या मांडणीत लिहिलेला एक छोटा मजकूर ठेवायचा. टॅबचे नाव काय, गट कोणते, बटणे कोणती आणि प्रत्येक बटणाने कोणता मॅक्रो बोलवायचा, हे सारे त्यात नमूद असते. २०१० मध्ये या मजकुराची थोडी विस्तारित आवृत्ती आली. दोन्ही मजकूर एकाच फाईलमध्ये शेजारी ठेवता येतात: २००७ चे एक्सेल आपला ओळखते, दुसऱ्याकडे पाहत नाही. जुने २००३ चे एक्सेल तर दोन्हींकडे दुर्लक्ष करते. म्हणूनच ज्या काळात एका खोलीत २००३ आणि दुसऱ्या खोलीत २०१० अशी स्थिती होती (आणि आपल्याकडे ती पुष्कळ वर्षे होती) त्या काळात शहाणे लोक एकाच वर्कबुकमध्ये दोन्ही वाटा ठेवीत. उघडताच मॅक्रोने आवृत्ती विचारायची. ती बारापेक्षा कमी असेल तर जुनी पट्टी उभारायची, नसेल तर काही करायचे नाही, कारण रिबनचे काम गठ्ठ्यातला मजकूर करतोच. आवृत्ती विचारल्यावर एक्सेल उत्तर देते ते अंकाच्या रूपात नव्हे, मजकुराच्या रूपात. मजकूर म्हणून तुलना केली तर '९' हा '१२' पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिले अक्षर नऊ आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एक. आधी उत्तराचा अंक करून घ्यावा, मग तुलना करावी. शिवाय २०१६ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या स्वतःला सोळाच म्हणवतात, म्हणून त्यापुढे या प्रश्नाने काही उलगडत नाही.

रिबनच्या बटणाने बोलवलेल्या मॅक्रोला 'कोणते बटण दाबले गेले' ही माहिती घ्यावी लागते आणि त्या माहितीच्या प्रकाराचे नाव जुन्या आवृत्तीला अपरिचित असते. ते नाव जसेच्या तसे लिहिले, तर २००३ चे एक्सेल त्या ओळीवरच अडते. त्याऐवजी केवळ 'ऑब्जेक्ट' एवढेच म्हटले, तर दोन्हीकडे निभावते. रिबनच्या प्रत्येक बटणाच्या मॅक्रोत एकच ओळ असावी आणि तिने खरे काम करणाऱ्या मॅक्रोला हाक मारावी. जुन्या पट्टीच्या बटणानेही त्यालाच हाक मारावी. मग दारे दोन झाली तरी हिशेब एका जागी राहतो.

मराठी शाळेच्या निकालपत्रकाला मात्र आणखी एक अडथळा ओलांडावा लागतो. इंग्रजीतील कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात तो ठळकपणे आढळत नाही, कारण लिहिणाऱ्यांना तो लागलेलाच नसतो. तो अडथळा लिपीचा.

व्हीबीएचा मजकूर लिहिण्याची खिडकी युनिकोड जाणत नाही. ती विंडोजच्या जुन्या सांकेतिक तालिकांवर चालते आणि देवनागरीसाठी सिस्टिमच्या पातळीवर अशी तालिका विंडोजने दिली नाही. आपली लिपी तेथे थेट युनिकोडच्या रूपाने आली, तीही विंडोज २००० पासून. परिणाम असा की मॅक्रोमध्ये अवतरणचिन्हांत 'गुणपत्रक' असे लिहू गेले, तर ओळीने प्रश्नचिन्हे उमटतात. संदेश दाखवणारी साधी चौकटही तशीच. तिला देवनागरी मजकूर दिला तर तीही प्रश्नचिन्हेच दाखवते. पुष्कळ जण येथे हार मानून बटणांची नावे इंग्रजीत ठेवतात.

मध्य प्रदेशात याच्या जोडीला कृतिदेव आहे. येथील कचेऱ्यांत टंकलेखन शिकलेल्या पिढीचा हात त्यावर बसलेला. कृतिदेव, किंवा महाराष्ट्रात शिवाजीसारखे फॉन्ट, हे खरे तर इंग्रजी अक्षरांना घातलेले देवनागरी अंगरखे होत. तक्त्याच्या चौकटीत तो फॉन्ट लावला असतो, म्हणून तेथे मराठी नीट दिसते. तोच मजकूर बटणावर नेला की अंगरखा उतरतो, कारण बटणाचा फॉन्ट सिस्टिम ठरवते; आणि 'भारत' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन गिचमिड दिसते. कृतिदेवमध्ये भरलेल्या नावांची वर्णानुक्रमे मांडणीही चुकते, कारण संगणक क्रम लावतो तो आतल्या इंग्रजी अक्षरांचा. हजेरीपटावरील मुलांचा क्रम या कारणाने बिघडला, तर दोष मॅक्रोला देण्यात अर्थ नाही.

यावरचा उपाय साधा आहे. बटणांची नावे मॅक्रोत लिहूच नयेत. वर्कबुकमध्ये एक स्वतंत्र शीट ठेवावी, तिच्यात एका रकान्यात बटणाची नावे युनिकोड मराठीत आणि शेजारच्या रकान्यात मॅक्रोची नावे लिहावीत. पट्टी उभारणाऱ्या मॅक्रोने तेथून वाचावे. चौकटीतला मजकूर युनिकोड असतो, पट्टीलाही तो चालतो. अडचण फक्त लिहिण्याच्या खिडकीची होती आणि ती अशी टळते. रिबनच्या मजकुरात तर देवनागरी थेट लिहिता येते. एखादा शब्द मॅक्रोतच हवा असेल, तर अक्षरांचे क्रमांक देऊन तो जुळवावा लागतो: 'गुण' हा शब्द २३२७, २३६९, २३३९ असा. तीन अक्षरांना हे ठीक आहे, परिच्छेदाला नव्हे. विंडोज एक्सपीवर देवनागरीची सोय नियंत्रणकक्षात जाऊन एका चौकटीत खूण करून आधी बसवून घ्यावी लागे. ज्या जुन्या यंत्रांवर ती कोणी बसवली नव्हती, तेथे सगळे बरोबर लिहूनही अक्षरांच्या जागी चौकोन दिसत.

या वेगळ्या शीटचा उपयोग केवळ लिपीपुरता राहत नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि मध्य प्रदेशाचे ६१ जिल्हे ४५ वर आले. ज्या मॅक्रोत जिल्ह्यांची यादी गोवलेली होती, तो त्या दिवशी जुना झाला. ज्या तक्त्यात ती यादी शीटवर होती, तेथे १६ ओळी पुसल्या की काम झाले. सहाव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २००६ पासून ग्रेड पे आणला, सातव्याने १ जानेवारी २०१६ पासून तो काढून वेतनाची सारणी आणली. विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या, आयुध निर्माण्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि पत्रशीर्षके बदलली. संगणकप्रणालीची आवृत्ती बदलते तशी कचेरीचीही बदलत असते, आणि दोन्ही बदल एकाच मॅक्रोवर येऊन आदळतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. जुन्या शीटवर ६५,५३६ ओळी असत, नव्यावर १०,४८,५७६ आहेत. शेवटची ओळ शोधताना जुना आकडा लिहून ठेवू नये, शीटलाच विचारावा. २०१० पासून ६४ बिटांचे एक्सेल आले. विंडोजच्या आतल्या सुविधांना हाक मारणाऱ्या ओळींना तेव्हापासून एक जादा शब्द जोडावा लागतो, आणि जुन्या आवृत्तीसाठी तो शब्द नसलेली ओळही शेजारी ठेवता येते. २०१३ पासून प्रत्येक वर्कबुक स्वतंत्र खिडकीत उघडते, त्यामुळे जुन्या पद्धतीची पट्टी कधी एका खिडकीत दिसते, दुसरीत नाही. २००८ च्या मॅकवरील एक्सेलमध्ये व्हीबीए मुळीच नव्हते. २०११ मध्ये ते परत आले. मॅक्रो असलेली फाईल 'एक्सएलएसएम' म्हणूनच जतन करावी. 'एक्सएलएसएक्स' म्हणून जतन केली, तर एक्सेल एक इशारा देते आणि तो न वाचता 'होय' म्हटले की त्या प्रतीतून सगळे मॅक्रो जातात.

अलीकडे सर्वांत जास्त पट्ट्या हरवतात त्या आवृत्तीमुळे नव्हे, सुरक्षिततेच्या नियमांमुळे. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतून जगभर पसरला, तेव्हापासून मॅक्रोकडे संशयाने पाहिले जाते आणि त्यात वावगे काही नाही. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो एक्सेल मुळातच अडवते. मुख्याध्यापकांनी ईमेलवर पाठवलेले निकालपत्रक शिक्षिकेच्या संगणकावर उघडते, आकडे दिसतात, रिबनवरचा टॅबही दिसतो. बटण दाबले की काही होत नाही. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली आहे, याची फोनवर खात्री करून घ्यावी, मग ती बंद करून तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत अडथळा काढण्याची खूण करावी आणि पुन्हा उघडावी. सगळ्याच फाईलींसाठी मॅक्रोची दारे सताड उघडी ठेवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नये. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये तर व्हीबीए चालतच नाही. तेथे तक्ता दिसेल, बटणे निरुपयोगी राहतील.

उरतो तो संकेतशब्द. मॅक्रो कोणी बिघडवू नये म्हणून त्यांना कुलूप घालण्याची पद्धत आहे. कुलूप घालणारा निवृत्त होतो, नव्या आवृत्तीत एक ओळ बदलायची असते आणि संकेतशब्द कोणाजवळच नसतो. शाळेत किल्ल्यांची नोंदवही असते. प्रयोगशाळेच्या कपाटाची, ग्रंथालयाची, घंटेच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते तीत लिहिलेले असते. निकालपत्रकाचा संकेतशब्द एका बंद लिफाफ्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि त्याची नोंद त्याच वहीत करावी. लिफाफ्यात आणखी एक कागद असावा: कोणत्या बटणाने काय होते, ते कोणत्या शीटवरून वाचते, शेवटचा बदल कोणत्या तारखेला केला आणि कोणत्या आवृत्तीवर तपासला. तो कागद मराठीत लिहिलेला असावा आणि दरवर्षी निकालानंतर, सुट्टी लागण्यापूर्वी, वाचून अद्ययावत करावा.